सुरू होईपर्यंत दोन ओळी

बटण दाबायचं आणि विणायला घ्यायचं.
दोन्या नेवेंकाचा हा नऊ वर्षांचा नेम.
काळ्या पडद्यावर ठिपक्यांचं चाक फिरू लागलं
की एक ओळ सुलट, एक ओळ उलट,
आणि दुसरीच्या शेवटच्या टाक्याला
समोर निळं आकाश उगवायचं,
तेही अर्धवट, चिन्हांशिवाय.
“ही बाही,” लोकर उचलून ती म्हणाली,
“अकरा वेळा सुरू केलेली आहे.”

मला बोलावलं तिच्या मुलीनं, अंतोफागास्ताहून.
व्हिडिओवर आई दर वेळी
तोंड उघडं ठेवूनच गोठते, म्हणाली,
बघवत नाही हो.

पुन्ता अरेनासमध्ये दार जपून उघडावं लागतं.
आधी वारा आत येतो, मग पाहुणा.
हत्यारांची पिशवी पोटाशी धरून
मी टेबलाखाली शिरलो, ते थेट संध्याकाळपर्यंत.

आधी यादी काढली:
बटण दाबताच कोण कोण उठतं?
बावीस जण.
एक न्हाणीघर, आणि बावीस जण
खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी.
त्यात एका प्रिंटरचा माणूस. प्रिंटर कधीच भाच्याकडे गेला,
हा अजून रोज सकाळी विचारतो, कागद आहे ना?
व्हायरस पकडणारे तिघे,
एकमेकांच्याच गचांड्या धरून बसलेले.
एकेकाला म्हटलं, झोपा आता.
हाक आली तरच उठा.
बाविसाव्यावर तिनं माझं मनगट धरलं.
“तो द्रागोचा.”

सामुद्रधुनीवरचा वारा मोजणारा छोटासा चौकोन.
बोट विकून बारा वर्षं झाली,
द्रागोला जाऊन चार.
तो मात्र रोज उठून सांगतो, कुणीही न विचारता:
नैऋत्येकडून, ताशी इतका.
राहू दिला.

मग डबा उघडला.
पंखा कुठे होता?
होती ती एक मेंढी.
पात्यापात्यांतून दाटलेली, उबदार,
गुदमरून घरघरणारी.
मी चिमट्यानं ओढत गेलो, थर निघत गेले,
आणि दोन्या चष्मा पुसून जमिनीवरच बसली.
करडा: हा गेल्या हिवाळ्यातला, पाद्रीबाबांचा मफलर.
मोहरीपिवळा: ब्रूनोचा, नातवाचा. घट्ट झाला, उसवला.
लाल कुणाचा, आठवेना;
बराच वेळ आठवेना, तशी चिडली.
अगदी तळाशी, पात्याच्या मुळाशी,
बाटलीसारखा हिरवा.
ती काही बोलली नाही. मीही
पुढचा स्क्रू शोधत राहिलो.
तो हातातच होता.

बाकीचं काम हमालीचं.
रॅमची नवी पट्टी, टच्चकन बसली.
सुई फिरवत खोलीभर किल्ल्या शोधणारी
जुनी डिस्क काढली,
जिच्यात काही फिरतच नाही अशी नवी बसवली.
तिच्या फाइली ओतताना रात्र झाली.
तिनं मटणाचा रस्सा वाढला, सोबत पाव,
आणि माझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

“दाबा,” म्हणालो.
तिनं दाबलं आणि सवयीनं सुया उचलल्या.
लोकरीचं टोक बोटाला गुंडाळेपर्यंत
आकाश आलं. पूर्ण. चिन्हांसकट.
एकोणीस सेकंद.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
दुकानदारानं जास्त सुटे पैसे परत दिल्यावर
पाहावं तसं.
“आणि माझ्या दोन ओळी?”

मला संगणक हळू करता येत नाही.
तसं सांगितलं.
ती हसली असावी. पंखा आता इतका गप्प होता
की सुयांची टिकटिक नवीनच वाटली.

मेंढी मात्र तिनं फेकू दिली नाही.
पिशवीत भरली, रंग वेगळे न करता.
धुऊन पिंजली तर मोज्याच्या टाचेला
पुरेल, म्हणाली.

मी निघालो तेव्हा तो चौकोन उघडा होता:
नैऋत्येकडून, ताशी ब्याण्णव.
इतकी वर्षं ही बातमी वाऱ्यामागून
धापा टाकत यायची.
आज आकडा उमटला
आणि तेवढ्यातच खिडकीची काच थरथरली.
दोन्या नेवेंकानं आधी पडद्याकडे पाहिलं, मग काचेकडे,
आणि कुणालातरी म्हणाली,
“हो, हो. ऐकलं.”